केशरी दार

रद्दीचा गठ्ठा सांभाळत शिंपी भंगारवाल्याकडे रांगेत उभा होता. पुढच्या काकूंचे स्प्रे-पेंटचे रिकामे डबे भंगारवाला एकेक करून कानाशी हलवून बघत होता.

"काकू, मागच्या महिन्यात निळे, आता केशरी?"

"आमच्या ह्यांना घर सापडेना, म्हणून दार निळं केलं. शेजारणीला रंग इतका आवडला, की तिनंही निळंच केलं."

"घ्या! म्हणून केशरी होय?"

"मग काय करणार!"

"यात रंग शिल्लक आहे बघा. संपवून आणा, भरलेला दाबला की फुटतो."

"तूच मार कुठंतरी. मला आता नको."

"म्हणजे काका ओळखतात दार?"

"लांबूनसुद्धा! बरोब्बर येऊन बेल वाजवतात. मी दार उघडलं की म्हणतात, 'माफ करा हं बाई, घर चुकलं.'"