पालटलेली गादी

(दुपार. लांब पल्ल्याची बस थांब्यावर उभी. प्रवासी जेवायला उतरलेत. केबिनमध्ये पाळीपाळीने गाडी चालवणारे दोघे ड्रायव्हर; सीटमागे झोपायला एकच गादी. धाकटा थोरल्याच्या बायकोचा भाऊ.)

मेव्हणा : पाण्याची बाटली सांडली म्हणता? मग ती भरलेली कशी, दाजी?

दाजी : दुसरी होती. तू पड ना गुमान. सकाळपासून चालवतोयस, डोळे बघ कसे तांबारलेत. आण ती चावी.

मेव्हणा : पडलोच होतो. पाठीला गार लागलं म्हणून उठलो. हा शर्ट बघा. हुंगून बघा.

दाजी : शी! काहीतरीच काय!

मेव्हणा : उठणाऱ्यानं दुसऱ्यासाठी गादी झटकून ठेवायची, ही आपल्या गाडीची पद्धत. आज तुम्ही झटकली नाहीत, पालटलीत. वरून कोरडी दिसली. अंग टाकल्यावर खालचं सगळं वर आलं.

दाजी : हळू बोल. खिडकीखाली माणसं उभी आहेत.

मेव्हणा : किती घेतलीत?

दाजी : झोपेपुरती रे. हलत्या गाडीत डोळा लागत नाही. उठेस्तोवर उतरते.

मेव्हणा : उतरली असती तर जाग नसती आली? तान्हं पोरसुद्धा ओलं झालं की रडून उठतं. तुम्हाला मी गदागदा हलवलं तेव्हा उठलात.

दाजी : वय झालं. साखर असेल.

मेव्हणा : असेल तर तपासू. पण तोंडाला वास येतोय तो साखरेचा नाही.

दाजी : लागलास वकिली करायला! बहिणीचा भाऊ शोभतोस खरा.

मेव्हणा : ताईला माहीत आहे?

दाजी : चादरीखाली प्लास्टिक घालते. शेजारणीला सांगते, धाकट्या पोरासाठी आहे.

मेव्हणा : धाकट्याला मिशी फुटलीय, दाजी.

दाजी : हस, हस.

मेव्हणा : हसतोय कुठं मी?

दाजी : काही बोलत नाही रे ती. गुपचूप चादर ओढून काढते, धुवायला नेते. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतो. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मेव्हणा : मग सोडा ना ती!

दाजी : सोडून बघितली. हात इतके थरथरले, कप धरवेना. दरदरून घाम. वाटलं, संपलो. भ्यालो आणि पुन्हा घेतली.

मेव्हणा : एकट्यानं सोडायला गेलात म्हणून. डॉक्टर असतात त्यासाठी. मी येतो बरोबर.

दाजी : ते घरी गेल्यावर बघू. आता चावी दे, उजेडात घाट उतरू.

मेव्हणा : घाटाचं नाव काढू नका! मागच्या फेरीला वळणावर गाडी कडेला गेली, मी मागं गादीवरून खाली आलो. म्हणालात, कुत्रं आडवं आलं.

दाजी : कुत्रं नव्हतं.

मेव्हणा : मग काय होतं?

दाजी : माहीत नाही. घाट लागला ते आठवतं. मग एकदम खालचा पूल. मधलं काहीच नाही.

मेव्हणा : काहीच नाही म्हणजे?

दाजी : अंथरुणात होतं तसंच. अंग काय करतं ते मला कळतच नाही.

मेव्हणा : अहो, मी मागं घोरत होतो. भरली गाडी होती. लेकरं होती.

दाजी : मालकाला सांगणार?

मेव्हणा : दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणणार. मलाही डुलक्या येताहेत. तो येईस्तोवर गाडी जागची हलणार नाही.

दाजी : लोक बोंबलतील. मालक मला हाकलून देईल. काय खायला घालू तुझ्या ताईला?

मेव्हणा : आणि तुम्हाला आडवं घालून तिच्या दारात कसा नेऊ, ते सांगा आधी!

दाजी : चावी कुठाय?

मेव्हणा : खिशात.

दाजी : राहू दे तिथंच. आणि ऐक. घटकाभरानं मी भांडायला येईन. शिव्या देईन, ताईची शपथ घालेन, पायसुद्धा धरेन. तेव्हा मला घाबरून चावी देऊ नकोस.

मेव्हणा : घाबरेन, दाजी. पण देणार नाही.