कालिंदीबाईंचं वाण विमानतळावर

मंडळी, नाम घ्या आणि एक सांगा. नुसती वाट बघायची, एवढंच हातात असलं, तर ती जागा गोड कशानं होते? मऊ खुर्चीनं? गार हवेनं? एवढ्याशा कपातल्या महागड्या कॉफीनं? हसू नका, मी प्यायलेय! तर ऐका.

नागपूरच्या कालिंदीबाई घाटे. अधिक महिन्याचा शेवटचा दिवस, अमावास्या. सकाळी आठालाच बाई विमानतळावर! मांडीवर स्टीलचा डबा. आत काय? तेहतीस अनारसे! जावयाला वाण द्यायचं म्हणून स्वतः तळलेले. पिशवीत निरांजनही होतं. काडेपेटी मात्र तपासणीत काढून घेतली. देवाचं काम आहे, हे त्या पोलिसाला कोण समजावणार?

महिनाभर बाई एकभुक्त. आजचं जेवण तर वाण दिल्यावरच. आणि अमावास्या सरणार संध्याकाळी पाचला. त्याच्या आत बंगळूर गाठायचं!

पण मंडळी, घाई निव्वळ पंचांगाची नव्हती. लेकीनं, मृण्मयीनं, आपल्या मनानं लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत बाई जावयाशी, निशिकांतशी, एक शब्द बोलल्या नव्हत्या. एक! आता चूक उमगली होती. पण 'माझं चुकलं' हे तोंडानं म्हणवतं का? म्हणून हा डबा. जे बोलवत नाही, ते तळून न्यायचं! आपल्या बायकांची ही जुनी खोड.

विमान नऊचं. बंगळुरावर वादळी ढग — अकरा झाले. मग एक. मग तीन! बाई उठायच्या, काउंटरवर जायच्या. "अगं पोरी, नक्की केव्हा?" ती मुलगी तेच सांगायची, "मॅडम, हवामान..." बाई परत यायच्या, बसायच्या, पदर सारखा करायच्या — की पुन्हा उभ्या!

शेजारी गजभिये गुरुजी, निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "ताई, डब्बा खाली ठेवा न जी! विमानच येऊन नाही राहिलं, तर डब्बा कुठं पळते?"

"जमिनीवर नाही ठेवायचा. वाण आहे."

"मंग माझ्या मांडीवर द्या. तुमचे पाय तरी मोकळे होतील!"

बाईंनी डबा आणखी घट्ट धरला.

साडेतीन वाजले आणि फलकावर आलं — सहा! संपलं. पाचच्या आत पोचणं नाही. आता कोणत्या तोंडानं जायचं त्या घरी? तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, निशिकांत सकाळी दहापासून इकडच्या विमानतळावर बसलाय गं. तू पहिल्यांदा येतेयस, चुकामूक नको म्हणून."

"दहापासून? त्यांना म्हणावं, घरी जा!"

"तूच सांग. नंबर पाठवते." आणि फोन ठेवला की हो कार्टीनं!

बाई नंबराकडे बघत बसल्या. अंगठा पुढे जाईना. गुरुजी हळूच म्हणाले, "लावा जी. विमानाले ढग आडवे आले. फोनले कोण आडवं आलं?"

लावला!

"हॅलो, कोण?"

काय सांगावं? सासूबाई? घाटेबाई? "मी... आई बोलतेय."

पलीकडून, "बोला ना, आई."

दोन वर्षं मनात काय काय रचलं होतं! त्यातलं एक अक्षर आठवेना. तोंडातून निघालं ते एवढंच — "जेवलात का?"

"तुम्ही आल्यावर जेवू."

"म्हणजे सकाळपासून उपाशी? आधी उठा बघू! काहीतरी खाऊन घ्या!"

"आणि तुम्ही?"

बाई रडल्या. भर विमानतळावर, पदर तोंडाला लावून. "माझं चुकलं हो. वाण होतं तुमचं. वेळेत पोचत नाही."

"आई, मला त्यातलं फारसं कळत नाही. पण वाण उशिरा आलं तरी चालेल. तुम्ही उपाशी राहिलेलं चालणार नाही."

बाईंनी फोन ठेवला, डोळे पुसले. घड्याळात चारला दहा कमी. डबा उघडला! देवाचं नाव घेऊन पहिला अनारसा गुरुजींच्या हातावर, दुसरा काउंटरवरच्या त्या मुलीच्या. सकाळपासून शेकडो माणसं तिच्यावर ओरडली होती, 'खा' म्हणणारं हे पहिलंच! ती हसली. मग रांगेतल्या लेकुरवाळ्या, म्हातारे, सगळे. कुणी चिवडा काढला, कुणी धपाटे. माणसं वळली, तोंडं समोरासमोर आली.

गुरुजी म्हणाले, "अन् जावयाचं काय जी?"

"त्यांना पोचलं," बाई म्हणाल्या, आणि महिन्यातला शेवटचा घास तिथंच घेतला. फलकावर सहाचे सात झाले. मंडळी, मान वर करून कुणी बघितलं नाही!

आता तुमच्याकडे येते. वाट बघण्याची जागा गोड का होत नाही? कारण आपण डबा घट्ट धरून बसतो. खरं सांगा, तुमचाही असा एक नंबर आहे ना? दिवाळीला लावू, राग निवला की लावू? आरतीला अजून थोडा अवकाश आहे. देव रागावणार नाही. ज्याला उठायचंय त्यानं उठावं, बाहेर पायरीवर जाऊन फोन लावावा. आम्ही टाळ हळू वाजवतो.