उचलताना बोलायचं असतं

(कोरीट. ओसरीत गोधडीवर काजल आडवी. उशाशी तिची जेठाणी छबूबाई. छबूबाईचा नवरा झिपरू, म्हणजे काजलचा जेठ, मोठा दीर, दाराबाहेर पाठमोरा. अंगणात मिरचीची पोती आणि रिकामा टेम्पो, त्यात चालक दलसिंग.)

छबूबाई – वाचणार काय होतं तुमचं, ते तरी सांगा. हमाल दुपारी येणार होते. म्हणजे अर्धी सकाळ. एवढंच ना?

झिपरू – टेम्पो उभा व्हता. दलसिंग हॉर्न वाजाडी ऱ्हायंता.

छबूबाई – तो हॉर्न वाजवायलाच जन्मलाय. मी विहिरीवरून आले असते की पोतं धरायला.

झिपरू – तिले विचार, पाय हालस का.

छबूबाई – ऐकलंस ना वं? पाय हलतो का विचारतायत.

काजल – सांगा, हलतो. पण माझा वाटत नाही.

छबूबाई – दुखतंय?

काजल – सकाळी दुखलं. आता काही नाही.

छबूबाई – आणि गोदामात मिरची निवडायला जातो तिथं ती डॉक्टरीण, रुचिका, येऊन सगळं दाखवून गेली होती. गुडघ्यात वाका, पोतं पोटाशी धरा, कंबर पिळू नका. दोघं असाल तर एकानं मोजायचं, ज्याचा तोल गेला त्यानं ‘ठेवा’ म्हणायचं. तुम्ही मागं बसून हसत होतात. म्हणे, पोतं उचलायचीही शाळा निघाली.

झिपरू – गुडघा तं वाकाडा तिनी. मी दखं.

छबूबाई – वाकवणारच. लोणखेड्याच्या कॉलेजात शिकलेली ही, नंतर बायकांना हीच दाखवत होती. मग झालं काय वं?

काजल – पोतं कमरेपर्यंत आलं होतं. खाली देठं सांडलेली, पाय सरकला. त्यांनी तेव्हाच वर ओढलं, कंबर पिळली गेली.

छबूबाई – मग ‘ठेवा’ म्हणायचं.

काजल – कोणाला?

छबूबाई – हं.

काजल – आणि पदर दातात होता. दोन्ही हात पोत्याला.

छबूबाई – ऐका. पोतं धरायला भावाची बायको चालते, आवाज ऐकायला चालत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तुमच्यापुढं चहा ठेवते तो बांगडी वाजवून.

काजल – तेव्हाही बांगडी वाजवली होती मी.

झिपरू – मले वाटनं, पोतं घासायनं.

छबूबाई – घ्या.

झिपरू – नवनीतले फोन लावा शे. संध्याकाळले येस तो सुरतहून. तो उचली तिले.

छबूबाई – पाय बधिर झालाय, संध्याकाळची वाट बघू नका, असं रुचिकानं फोनवर दोनदा सांगितलं. बसवायचंही नाही, फळीवर आडवीच न्यायची. सकाळी हमालांसाठी थांबवलं नाही तुम्हाला, आता तिच्या नवऱ्यासाठी थांबवतंय?

झिपरू – मी हात कसा लावू तिले?

छबूबाई – फळीला लावा. दलसिंग, हॉर्न पुरे, पायाकडं ये. अलगद सरकवा. हं, आली फळीवर, चादरीनं बांधली. मी मोजते.

काजल – नको. फळीवर मी आहे. ताई, पदर तेवढा तोंडावरून काढा.

छबूबाई – काढला. तुम्ही तिकडं काय बघताय? इकडं बघून उचला. गुडघ्यात वाका.

काजल – एक. दोन. तीन.

छबूबाई – हळू.

काजल – दादा, ठेवा.

झिपरू – ठेवी दिधं. लागनं का?

काजल – नाही. तुमच्या बाजूची चादर सुटत होती.

झिपरू – धरी. आते घट्ट धरी.

काजल – मग परत मोजते.

झिपरू – छबू, इतकाच आवाज शे का तिना?

छबूबाई – एवढाच लागला असता सकाळी. अर्धी सकाळ काही वाचली नाही, टेम्पो अजून रिकामाच आहे. आणि रीत म्हणाल तर ती आत्ता मोडली. दोन्हींची किंमत भरली ती तिच्या कमरेनं.