चालायला पायजे

निपाणी स्टँडवर बेळगावच्या बसची वाट बघत दोन तरणी पोरं माझ्या पुढं उभी होती. एकाच्या काखेत गेम खेळायच्या नव्या कन्सोलचं खोकं होतं, न फोडलेलं.

“अजून फोडलं न्हाईस व्हय, राजकुमार?”

“परत द्यायला चाललोय, महादेव. नेटबिगर चालतंय काय, एवढंच इचारलं हुतं. दुकानदार म्हणतोय, चालायला पायजे.”

“म्हंजे चालतंय का न्हाय?”

“कंपनीला फोन लावला. ती बाई म्हणती, अधनंमधनं ऑनलाइन यावं लागतंय. किती दिसांनी? तर गेमवर हाय. कुठल्या गेमवर? तर दुकानात इचारा.”

“येड्यात काढत्यात रं. पर बोरगावात तुमच्याकडं नेट हाय की.”

“नेट लावलं की आमच्या थोरल्या भरमाअण्णाचं खातं मागतंय म्हणं. त्यानं गेममधी आमचं घर बांधलंय. गोठा, आईची मेलेली गाय सुदीक. जुनं मशीन बिघडलंय, समदं पेनड्राइव्हवर हाय. नेट न मागता मशीन चालू झालं, तरच उघडंल.”

“आनि खात्याचा ओटीपी?”

“अण्णाच्या फोनला जातोय. फोन त्याच्यासंगंच ट्रकखाली गेला.”

“मग तसं सांगायचं की त्यास्नी!”

“सांगितलं. म्हणली, वाईट वाटलं सर, पण खातेदारानं एकदा तरी ऑनलाइन यावं लागेल.”

“आयला.”

“सकाळी खोकं घेऊन निघालो, तर आई दारात. तिला वाटलं, चालू करून आणाय चाललोय. म्हणती, जुनं मशीन बिघडलं तर बिघडू दे. ह्यात दिसंल न्हवं त्याचं घर?”

“तू काय म्हणलास?”

“दिसायला पायजे म्हटलं.”