बुरुडआळीचं मोकळं अंगण

मंडळी, घरं सव्वीस. नळ एक, तोही तुटका. संडास – एकही नाही. आणि सगळ्या घरांच्या मधे एक अंगण, साठ फूट लांब, चाळीस रुंद. आपल्या देवळामागं बुरुडआळी होती ना, टोपल्या-सुपं विणणाऱ्यांची? तिची ही मोजदाद!

आता मला सांगा – सेवा कशाला म्हणायची? आपल्याजवळ आहे ते द्यायचं, की समोरच्याला लागतं ते? घाई नको. आधी ऐका!

नगरपालिकेत ठरलं – आळीला पक्की घरं बांधायची! पाहणीला रेणुका सबनीस आली. नगररचनाकार. मनानं चांगली, कामात चोख. येणार म्हणून आधी निरोपही धाडला. झालं! पाहुणे येणार म्हटल्यावर तुमच्या घरी काय होतं? सोफ्यावरचे कपडे कपाटात! हसताय काय? आळीतही तेच झालं. आळीतल्या वडीलधाऱ्या द्रुपदाआत्या, त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं. बांबू नाल्यापलीकडं, कामट्या पोत्यात, भुसा झाडून साफ! अंगण सारवलं, वर रांगोळी!

रेणुकाला पालथ्या पाटीवर बसवलं, चहा दिला.

"आत्या, काय काय हवं?"

"नळ दे, संडास दे. पोरीबाळींची लाज राहू दे, बाई. आणखी काय मागायचं!"

तिनं मापं घेतली, नकाशा काढला. अंगणावर लिहिलं – मोकळी जागा. अहो, ज्या पाटीवर बसून चहा प्यायली, ती विणली कुठं, एवढंच विचारायचं राहिलं!

इमारत उठली – त्याच मोकळ्या जागेवर! घरोघरी नळ. आत्या तिसऱ्या मजल्यावर. नळ सोडतात, बघतात, हसतात! मग बांबू आला. वीस फुटांचा बांबू – आणि जिन्याला वळण! गॅलरीतून दोरीनं ओढला, तर खालच्या घराची काच फुटली.

"आत्या, माणसं राहतात इथं!" खालचा ओरडला. कोण? सख्खा पुतण्या!

तोडून न्यावा, तर आखूड कामटीत मोठी टोपली होत नाही. आत्यांचा कोयता माळ्यावर गेला. हात रिकामे. नळाला मात्र पाणी भरपूर!

पुढं रेणुका घरं बघायला आली, तिला हे कळलं.

"आत्या, त्या दिवशी बांबू दाखवले का नाहीत?"

"पाहुण्याला पसारा दाखवतात होय गं?"

रेणुका स्वस्थ बसली नाही. कचेरीत खेटे घालून तिनं इमारतीचा तळमजला मिळवला – खांबांवरचा, उघडा, फक्त बांबूकामासाठी! आत्यांनी कोयता खाली काढला, धार लावली.

छान झालं म्हणता? थांबा. टाळ्या नकोत.

तो तळमजला आपल्या देवळाला लागून. सप्ताह सुरू झाला, आपण आलो – "पाचच मिनिटं, दर्शन घेतो!" – आणि गाडी लावली. एकाची बघून दुसऱ्यानं लावली. आत्या कोयता घेऊन कडेला उभ्या!

मी विचारलं, "आत्या, हटकलं का नाहीत?"

म्हणाल्या, "बुवा, देवाच्या दारी आलेली माणसं. ऊठ कसं म्हणू?"

मंडळी, रेणुकाला ठाऊक नव्हतं, ती चुकली. आपल्याला तर ठाऊक आहे! सांगा, त्या गाड्यांच्या किल्ल्या आत्ता कुणाकुणाच्या खिशात आहेत?

बांबू आडवा टाकायला वीस फूट लागतात. इथं उभा राहण्याआधी मी त्या तळमजल्यावर मोजून आलो. दोन गाड्यांमधलं मोकळं अंतर – तीन फूट दोन इंच.