अर्ध्यावर अडकलेली बांगडी

मंडळी, मला एक सांगा — विटाळ राहतो कुठं? कातडीत, का डोक्यात? थांबा, घाईनं 'डोक्यात' म्हणू नका! देवळात बसलं की सगळेच शहाणे असतात. आधी ऐका!

नेवरगावात चंपूकाकू होत्या. सोवळं एवढं कडक, की सरपणसुद्धा धुऊन चुलीत घालायच्या! मग धूर झाला की चुलीला शिव्या! त्यांची पुतणी गोदी, सात वर्षांची. तिची जिवाची मैत्रीण हमिदा — बांगड्या भरणाऱ्या दस्तगीर मणेराची लेक. दोघींनी लग्न ठरवलं. बाहुलीचं हो! नवरी गोदीची, नवरा हमिदाचा. आणि काकूंना कळलं!

"मुसलमानाच्या पोरीला शिवलीस? चल न्हाणीत!"

संक्रांतीची थंडी, डोक्यावर गार पाणी! वर फर्मान — "लग्न मोडलं! पुन्हा शिवाशिव दिसली तर बाहुली चुलीत!"

गोदी बाहुलीला कवटाळून हमसून हमसून रडली. पण काकू म्हणते म्हणजे खरंच असणार, असंही तिला वाटलं. लेकरू ते! मोठ्यांचं खरं मानतं — हीच तर पंचाईत!

दुसऱ्या दिवशी ओसरीवर दस्तगीर आले. बायकांची ही झुंबड! पहिला मान काकूंचा. हात भरदार. दस्तगीरनी पंजा दाबला, हिरवी बांगडी सरकवत बोटांच्या गाठींवर आणली — तोच गोदी किंचाळली, "काकूऽऽ! शिवले! हे हमिदाचे अब्बा आहेत! चल न्हाणीत!"

दस्तगीरनी चटकन हात सोडला. झालं! बांगडी पुढं जाईना, मागं येईना. फोडावी, तर सणाच्या दिवशी सवाष्णीची बांगडी फोडायची? शिव शिव!

"दस्तगीरभाऊ, धरा की हात!"

"वैनी, पोर नको म्हणतीय. आधी तुमचं घरात ठरू द्या." अन् गडी मिशीत हसतोय!

"गोदे, गप! चुडा भरणारा भाऊ असतो. भावाचा कसला विटाळ?"

गोदी विचारात पडली. "भाऊ? म्हंजे हमिदा तुझी भाची?"

ओसरी खदखदली. काकूंचा पंजा लालबुंद!

"हो बाई, भाची!"

"मग लग्न?"

"लाव! पण आधी ही बांगडी चढू दे गं!"

दस्तगीरनी हात धरला, अलगद पीळ दिला — बांगडी मनगटात! चुडा भरल्यावर रीतीप्रमाणं काकू वाकून पाया पडल्या. आजवर कितीदा पडल्या असतील. पण आपण कुणापुढं वाकतोय, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

लग्न दणक्यात लागलं. काकू भाचीच्या बाजूनं, म्हणजे नवऱ्याकडच्या! मानपानावरून रुसल्यासुद्धा. सोवळं सुटतं हो मंडळी, रुसवा सुटत नाही!

हसलात? आता माझ्याकडं बघा. तो भेद गोदी आईच्या पोटातून शिकून आली नव्हती. घरातच शिकली. उद्या तुमचं लेकरू कुणाचा तरी हात धरून दारात येईल. तुम्ही त्या पोराला आधी काय विचाराल — 'नाव काय, कुणाचा तू?' का 'जेवलास का रे?'

उत्तर मला देऊ नका. मी काय, उद्या दुसऱ्या गावी. ते त्या दारातल्या लेकराला द्या!