उंबऱ्याच्या आतले बूट

धनश्री : आजी, भिंतीवर वाघ हाय, पण त्याले एकच कान हाय.

कुसुमावती : पिशवी बाकाखाली सरकव वं. संत्रे गडगडतील.

श्वेता : पंखा बंद करते. गुडघ्यावरचे खुणेचे स्टिकर उडताहेत.

धनश्री : फरशी थंडी हाय.

कुसुमावती : टाच! टाच! टाच!

(रामदासपेठेत, मुलांची चाल तपासायची खोली. सात वर्षांची धनश्री, काटोलहून तिला घेऊन आलेली आजी कुसुमावती आणि फिजिओथेरपिस्ट श्वेता. कॅमेरा चालू आहे.)

श्वेता : आजी, ‘टाच’ म्हणू नका ना. मग ती तुमच्यासाठी चालते. मला तिची रोजची चाल हवीय.

कुसुमावती : घ्या, तोंडाले कुलूप.

श्वेता : धनू, वाघाला हात लावून ये.

धनश्री : लावला! कानाले नाही लावला, तो हायेच नाही.

श्वेता : बस आता. पाय माझ्या मांडीवर. सैल सोड... आजी, सेरेब्रल पाल्सीत पोटरी आखडतेच, पण हिची मागच्या वेळेपेक्षा घट्ट झालीय. टाच टेकणार कुठून?

कुसुमावती : म्हणजे ऑपरेशन?

श्वेता : थांबा. पाऊल सरळ धरणारा तो स्प्लिंट दिवसभर असतो ना पायात?

कुसुमावती : रोज! शाळेत जाताना मीच पट्टे बांधतो. एक दिवस सोडला नाही.

श्वेता : आणि घरी आल्यावर?

धनश्री : दारात काढतो. बुटासंगच निघते तो.

श्वेता : वर्गात?

धनश्री : वर्गाबाहेर चपलांची लाईन राहते न. माझे बूट पहिले.

श्वेता : म्हणजे फक्त रस्त्यावर!

कुसुमावती : मंग काय, बूट घालून देवापाशी नेऊ तिले? सैपाकघरात? तुमच्याच दारावर पाटी हाय, ‘चपला बाहेर काढा’. आत्ताबी तिचे बूट तिथंच हायेत, स्प्लिंटसगट.

श्वेता : ...पाटी आहे खरी.

कुसुमावती : तुम्ही घालता का घरात?

श्वेता : आई मारेल.

कुसुमावती : हसू नका. ऑपरेशनचं सांगा.

श्वेता : आत्ता नको. स्प्लिंटला काम करायला वेळच कुठं मिळाला? आधी काही आठवडे प्लास्टर घालू, पोटरी ताणायला. दर आठवड्याला या, बदलून घरी जा. मग पुन्हा स्प्लिंट, बुटासकटच; नुसत्या स्प्लिंटवर पाय घसरतो. वर्गात, घरात, सगळीकडे. शाळेत मी फोन करते.

कुसुमावती : अन् देवघरात?

श्वेता : ते तुम्ही ठरवा.

कुसुमावती : ...नवे बूट घेऊ. उंबऱ्याच्या आतले. ज्याले माती लागलीच नाही, ते धुतलेल्या पायावानीच.

धनश्री : मी बूट घालून आरतीले उभी राहू?

कुसुमावती : राहा.

धनश्री : पिंटूदादा पण?

कुसुमावती : त्याले रट्टा.

धनश्री : म्याडमले संत्रे देऊ?

कुसुमावती : दे. पण वरचेच काढ वं. खाली तुह्ये दोन फ्रॉक अन् टॉवेल हाय. भरती करतील म्हणून सकाळी भरले होते.